इंजिन बांधल्यावर: कॉम्प्रेशन मोजणे आणि रिंगा बसू देणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधल्या हवेवर किती दाब येतो ते. ती हवा खाली गळू न देणाऱ्या पिस्टनभोवतीच्या कड्या म्हणजे रिंगा, आणि त्या बोअरच्या भिंतीला घासून नीट जुळल्या की ‘बसल्या’ म्हणतात. इथली बहुतेक उत्तरं एका सिलिंडरच्या चारस्ट्रोक मोटारसायकलींना धरून दिली आहेत, कारण मुंबईत सर्वांत जास्त इंजिनं त्यांचीच खोलली जातात. कार, रिक्षा किंवा डिझेलसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

इंजिन कालच बांधून झालं. कॉम्प्रेशन आत्ताच मोजायचं की थोडं चालल्यावर?

दोन्ही वेळा. आत्ताचा आकडा निकाल म्हणून घेऊ नका, नोंद म्हणून घ्या. बांधताना बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) आणि रिंगांना लावलेलं ऑइल अजून तिथेच असतं, त्यामुळे आकडा खोटाच वर जाऊ शकतो. रिंगा अजून बसलेल्या नसतात, त्यामुळे तो खालीही राहू शकतो. मग एवढ्या लवकर मोजायचं कशाला? मोठी चूक पकडायला. वॉल्व्ह नीट टेकत नसेल, टायमिंगची चेन एक दात सरकली असेल किंवा टॅपेट (वॉल्व्हला ढकलून उघडणारा भाग) आवळून बसला असेल, तर ते पहिल्याच मापात कळतं आणि हेड उतरवायला अजून उशीर झालेला नसतो. पुढची मापं ५०० आणि १,५०० किमीला घ्या. गेज तोच, गाडी तेवढीच गरम, पद्धत तीच. आकडे वहीत तारीख आणि किमीसकट लिहा. पहिल्यापेक्षा दुसरं माप वर आलं आणि तिसरं तिथेच टिकलं, तर रिंगा बसल्या.

किती पीएसआय आलं म्हणजे चांगलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याला एका आकड्यात उत्तर नाही. डीकॉम्प्रेसर (सुरू करताना दाब मुद्दाम कमी करणारी यंत्रणा) नसलेल्या छोट्या पेट्रोल गाड्या ढोबळमानाने १२० ते १८० पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) असतात. १०० च्या खाली गेलं की शोध घ्यायचा. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच खरा. गेजवर किलो असेल तर १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय, आणि बार असेल तर १४.५.

‘कॉम्प्रेशन रेशो ९, हवेचा दाब १४.७, म्हणजे १३२ यायला पाहिजे’ हा हिशोब नाक्यावर ठीक आहे, इंजिनात नाही. (रेशो म्हणजे पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा, वर असताना उरलेल्या जागेच्या किती पट, तो आकडा.) दाबताना हवा तापते आणि दाब वाढतो. इनटेक वॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे थोडी हवा परत जाते आणि दाब घटतो. शिवाय जागेचाही फरक पडतो. मुंबई समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर. तिथे हवेचा दाबच इथल्या ८५ टक्के असतो. इथे १५० दाखवणारं इंजिन तिथे १२८च्या आसपास दाखवेल आणि त्याला काहीही झालेलं नसेल.

चार सिलिंडरच्या कारमध्ये तर आकड्यापेक्षा आपसातला फरक महत्त्वाचा. सर्वांत कमी सिलिंडर सर्वांत जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको. शेजारशेजारचे दोन एकदम पडले असतील तर आधी हेड गॅस्केटवर संशय घ्या.

नीट मोजायची पद्धत काय?

आधी टॅपेट तपासा, थंड इंजिनवर. आवळलेला टॅपेट वॉल्व्हला पूर्ण बसू देत नाही आणि बिचाऱ्या रिंगांवर आळ येतो. मग गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. प्लगभोवतीची माती हवेने उडवा. मुंबईत तिथे चिखल आणि मिठाची बारीक वाळू साचलेली असते, आणि प्लग काढताच ती सरळ बोअरमध्ये पडते. प्लग काढा. कार असेल तर सगळे काढा.

पेट्रोल बंद करा. एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीत इंजेक्टरचा कनेक्टर काढा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, म्हणून तिथे ठिणगी उडता कामा नये. प्लग कॅपमध्ये दुसरा प्लग घालून तो भोकापासून लांब इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. कॅप नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारला तर ठिणगी तयार करणारं सीडीआय किंवा कॉइल जाऊ शकते.

गेज हाताने घट्ट करा. चोक ओढलेला नको, आणि थ्रॉटल पूर्ण पिळून उघडा धरून ठेवा. निम्म्या चुकीच्या मापांचं कारण एवढंच असतं की थ्रॉटल बंद होता आणि इंजिनला हवाच मिळाली नाही. सेल्फ मारा किंवा दणकून किक मारा, काटा चढायचा थांबेपर्यंत, साधारण सहा ते आठ वेळा. पहिल्या झटक्याला काटा कुठे गेला तेही बघा. चांगलं इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यातच बरंचसं वर जातं. गळकं इंजिन पायरी पायरीने चढतं. बॅटरी उतरलेली असेल तर मापायलाच बसू नका.

गॅरेजच्या गेजवर माझी १०० सीसी गाडी ९० दाखवते. मॅन्युअलच्या आकड्याजवळही नाही. इंजिन गेलं का?

आधी गेजचा पाइप बघा. चांगल्या गेजमध्ये टायरसारखा छोटा वॉल्व्ह पाइपच्या प्लगकडच्या टोकाला असतो. स्वस्त गेजमध्ये तो मीटरजवळ असतो, म्हणजे अख्खा पाइप इंजिनच्या चेंबरचाच भाग होऊन बसतो.

आता हे आकड्यात बघा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४९.५ मिमी म्हणजे ९७.२ सीसी. रेशो ९ धरला तर पिस्टन वर असताना चेंबरमध्ये उरते जेमतेम १२ सीसी जागा. पाइपने त्यात ५ सीसीची भर घातली की रेशो ९चा ६.७ होतो. इंजिन ठणठणीत आणि गेज सांगतो मेलं! हाच गेज कारला लावला तर फरक एवढा जाणवत नाही, म्हणून कारवाले त्या गेजला बरं म्हणतात.

नागदेवी स्ट्रीटला गेज घेताना दोन गोष्टी विचारा: वॉल्व्ह टोकाला आहे का, आणि १०, १२, १४ मिमीचे अडॅप्टर सोबत आहेत का. छोट्या गाड्यांचा प्लग बहुधा १० मिमी चुडीचा असतो. १४चा अडॅप्टर त्यात जाणार नाही, आणि रबराचा कोन हाताने दाबून धरला तर हवा गळणारच.

बोअरमध्ये ऑइल टाकून परत मोजायचं असतं ना? किती टाकायचं?

हो, ती ओली चाचणी. ऑइलने आकडा चढला तर गळती रिंगांतून, नाही चढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून. कारसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये ‘एक चमचा’ असतं, आणि तिथेच छोट्या गाडीवाले फसतात. एक चमचा म्हणजे ५ मिली. वरच्या १२ सीसी चेंबरमध्ये ते ओतलं तर उरतात ७ सीसी, आणि रेशो थेट १४च्या पुढे. रिंगा चांगल्या असोत वा वाईट, आकडा उडी मारणारच. मेकॅनिक म्हणणार, ‘बघा साहेब, रिंगा गेल्या.’ १०० ते १५० सीसीला सुईशिवायच्या सिरिंजने दीड मिलीच टाका, दोन-तीन वेळा इंजिन फिरवून ऑइल पसरू द्या, मग मोजा. वाढ १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर ती ऑइलने भरलेल्या जागेचीच समजा.

माझी बुलेट मस्त चालते, पण गेजवर कॉम्प्रेशन फारच कमी येतं. असं का?

यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनच्या बुलेटमध्ये कॅमवर, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, आपोआप चालणारा डीकॉम्प्रेसर असतो. सेल्फच्या वेगाने इंजिन फिरतं तेव्हा तो एक्झॉस्ट वॉल्व्ह जरासा उचलून धरतो, म्हणजे स्टार्टर मोटरला ओझं कमी. इंजिन सुरू झालं की तो बाजूला होतो. म्हणजे तुम्ही मोजता तेव्हा तो काम करत असतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला हाताने ओढायचा डीकॉम्प्रेसर होता, तिथे ही भानगड नाही. फक्त त्याची केबल फार ताणलेली नाही ना, एवढं पाहा. डीकॉम्प्रेसर असलेल्या गाड्यांना कॉम्प्रेशन गेजऐवजी लीक-डाऊन चाचणी करा.

लीक-डाऊन म्हणजे नक्की काय?

पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वर आणायचा, दोन्ही वॉल्व्ह बंद, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची १०० पीएसआय हवा सोडायची. दुसरा गेज सांगतो किती आत टिकली. १० टक्क्यांपर्यंत गळती उत्तम, २०पर्यंत चालेल, ३०च्या पुढे उघडायची तयारी ठेवा.

खरी मजा कानाला आहे. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडीतून आला तर इनटेक. ऑइल भरायच्या झाकणातून आला तर रिंगा. पाण्याच्या गाडीत रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. कॉम्प्रेशन गेज सांगतो दुखतंय, हा सांगतो कुठे दुखतंय.

एक जपा. ५० मिमीच्या पिस्टनवर ही हवा जवळजवळ १४० किलोचा दाब देते. पिस्टन केसभर जरी वरच्या बिंदूवरून सरकलेला असला तरी क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) झटक्यात फिरतो. वरचा गिअर टाकून मागचा ब्रेक दाबून धरा, आणि क्रँकवर पाना लावलेला असेल तर हात दूर ठेवा.

गेल्या पावसात गाडी पाण्यात बंद पडली होती. रिंगा, वॉल्व्ह सगळं नवीन घातलं, तरी कॉम्प्रेशन कमीच.

लीक-डाऊन चांगलं आणि कॉम्प्रेशन कमी, अशी जोडी दिसली तर हवा गळत नाहीये, मुळात कमी दाबली जातेय. गेज आणि डीकॉम्प्रेसर वगळले तर मुख्य कारणं दोन. पहिलं, कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वाकलेला. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं आणि वर सेल्फ मारला, की पाणी दबत नाही, रॉड दबतो. मग पिस्टन वरपर्यंत पोचतच नाही. मिलीमीटरभर कमी पडला तरी ५० मिमी बोअरमध्ये जवळजवळ २ सीसी जागा वाढते. दुसरं, टायमिंग. कॅमच्या चक्राला ३० दात असतील तर एक दात चुकणं म्हणजे क्रँकचे २४ अंश. दुसरं कारण फुकटात तपासता येतं, म्हणून आधी खुणा जुळवून बघा.

पुढच्या वेळी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका. ढकलत कोरड्यात आणा, प्लग काढा, मग हळू किक मारून पाणी बाहेर काढा.

रिंगा घालताना नेमकं काय चुकतं?

*गॅप न मोजणं.* ‘कंपनीचं किट आहे, मोजायचं काय?’ असं म्हणून सरळ घालतात. रिंग बोअरमध्ये टाका, पिस्टनच्या डोक्याने २० मिमी आत सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. वरच्या रिंगेला बोअरच्या दर २५ मिमीला ०.१० मिमी हा अंदाज धरा, म्हणजे ५० मिमीला ०.२० मिमी. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तो पाळा. फट जास्त असेल तर थोडी हवा जाईल. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतील आणि रिंग बोअर खरवडून काढेल किंवा तुटेल. कमी असेल तर बारीक कानशीने बाहेरून आत अशा एकाच दिशेने घासा.

*उलटी रिंग.* रिंगेवर छोटं अक्षर असतं, ते वर. दुसरी रिंग खाली येताना ऑइल खरवडत येते. ती उलटी घातली तर तेच ऑइल वर ओढते आणि नवीन इंजिन पहिल्या दिवसापासून निळा धूर सोडतं.

*ऑइल रिंगचा स्प्रिंग.* त्याची टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत, एकावर एक चढली नाही पाहिजेत. वरखालच्या पातळ पट्ट्यांच्या फटी स्प्रिंगच्या जोडापासून दोन्ही बाजूंना २० मिमी तरी लांब ठेवा. वरच्या दोन रिंगांच्या फटी १२० अंशांवर, आणि पिस्टनच्या पिनच्या रेषेत कुठलीच नको.

सर्कलिप (पिस्टनची पिन अडकवून ठेवणारी क्लिप) नवीनच घ्या, आणि लावताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. क्लिप आत उडाली तर संध्याकाळ गेलीच समजा. हेड लावण्याआधी ते उलटं करून प्लग लावा, चेंबरमध्ये रॉकेल ओता आणि दहा मिनिटांनी पोर्ट ओले झालेत का बघा. ओले असतील तर ग्राइंडिंग पेस्ट लावून वॉल्व्ह पुन्हा घासा.

बोअर लेथवरून आला, चकचकीत आहे. पेट्रोलने पुसून लावू का?

दोन चुका. पहिली, चकचकीत नको. होनिंगच्या (बोअर दगडाने घासण्याच्या) तिरक्या रेघा ४५ ते ६० अंशांत एकमेकींना छेदणाऱ्या दिसल्या पाहिजेत. त्याच रेघा ऑइल धरतात आणि नव्या रिंगेला कानशीसारख्या घासून घेतात.

दुसरी, पेट्रोल आणि रॉकेल होनिंगची पूड बाहेर काढत नाहीत, रेघांत आणखी बसवतात. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश. रगडा, पांढरं फडकं फिरवा, राखाडी डाग आला तर पुन्हा रगडा. फडकं पांढरंच राहिलं की थांबा. मग लगेच, चहा प्यायला न जाता, कोरडं करून ऑइल लावा. जुलैच्या हवेत कास्ट आयर्नचा धुतलेला बोअर काही मिनिटांत तांबूस होतो.

काही आधुनिक गाड्यांत ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर कडक लेप असतो. तो बोअर करायचा नसतो, ब्लॉक-पिस्टन एकत्र बदलायचे. कास्ट आयर्न असेल तर ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिमी असे ओव्हरसाइझ पिस्टन येतात. पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याला तोच पिस्टन मोजून बोअर करायला सांगा.

पहिले ५०० किमी अगदी हळू चालवायची ना?

सुसाट नको, पण कासवही नको. रिंगेचा स्वतःचा ताण फार थोडा असतो. तिला भिंतीवर दाबतो तो जळणाऱ्या वायूचा दाब. तो खाचेतून रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनवर भारच नसेल तर दाब नाही, दाब नसेल तर रिंग घासली जात नाही. मग होनिंगच्या रेघांवर जळक्या ऑइलचा काचेसारखा थर चढतो. एकदा हा थर चढला की रिंग त्यावरून नुसती घसरत राहते. त्यावर औषध एकच: हेड-ब्लॉक उतरवून पुन्हा हलकं होनिंग आणि नवीन रिंगा. कार्बोरेटरमधून भांडी घासायची पावडर सोडायचा जुना जुगाड ऐकला असेल. तो बेअरिंगही घासतो. नकोच.

म्हणून सर्वांत वाईट रनिंग-इन (नवीन इंजिन रुळवणं) म्हणजे गाडी स्टँडवर लावून तासभर आयडलवर ठेवणं. दुर्दैवाने हेच ‘काळजी घेतली’ म्हणून सांगितलं जातं.

मग पहिला अर्धा तास कसा चालवायचा?

सुरू करण्याआधी प्लग काढून पंधरा-वीस किका मारा, ऑइल वर चढेल. सुरू झाल्यावर गळती बघायला दोन-तीन मिनिटं, बस्स. मग रस्त्यावर. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० किमीवरून ५०पर्यंत निम्म्याच्या थोड्या वर थ्रॉटलने न्या, मग थ्रॉटल पूर्ण सोडून गिअरमध्येच ३०वर येऊ द्या. असं दहा-बारा वेळा. ओढताना रिंग दाबली जाते, सोडताना पोकळीने ऑइल वर येऊन कीस धुऊन नेतं. मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. हेड बोल्ट पुन्हा आवळायला मॅन्युअलने सांगितलं असेल तर ते आत्ता, थंड असताना.

पुढे मॅन्युअलमधली वेगाची मर्यादा पाळा, पण एकाच वेगात अडकू नका. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवणं हे जास्त आरपीएमपेक्षा वाईट.

मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हे करायचं कुठे?

वेळ पहाटेची धरा. पाम बीच मार्ग बरा, सिग्नल कमी आणि सपाट. घोडबंदर रोडलाही पहाटे जागा मिळते, मात्र सातनंतर ट्रक आणि गर्दी. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे यांवर दुचाकीला बंदी आहे, म्हणून लांब जायचं तर जुना मुंबई-पुणे रस्ता. पण पहिल्या दिवशी खोपोलीपर्यंतच. खंडाळ्याचा घाट दोन-तीनशे किमीनंतर. संध्याकाळी सहाला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर नवीन बांधलेलं एअरकूल्ड इंजिन काढणं टाळा: भार नाही, वारा नाही, नुसती उष्णता.

ऑइल कुठलं आणि कधी बदलायचं?

साधं मिनरल, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं. ओला (इंजिनच्या ऑइलमध्येच चालणारा) क्लच असलेल्या मोटारसायकलला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (जपानी मानक) लिहिलेलं हवं, कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. सिंथेटिक १,५०० किमीनंतर. पहिलं ऑइल ५० ते १०० किमीला काढा, मग ५००ला, मग १,५००ला. पहिल्या ऑइलमध्ये चंदेरी चमक दिसणं ठीक. नखावर उचलता येतील असे तुकडे दिसले तर गाडी पुढे चालवू नका.

पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढंच चालवलं तर ऑइल तापतच नाही, आतलं पाणी उडून जात नाही आणि झाकणाखाली चहासारखा फेस धरतो. आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा तास चालवा.

धूर येतोय. घाबरायचं का?

पहिली दहा-वीस मिनिटं निळा धूर येतो, ते बांधतानाचं ऑइल जळतंय. ५०० किमीनंतरही पिकअप घेताना निळा धूर असेल तर रिंगा. उतारावरून थ्रॉटल सोडून आल्यावर परत पिळताच एक भपकारा आला तर वॉल्व्ह सील किंवा गाइड. ब्लॉक उतरवू नका. पावसाळ्यातल्या सकाळी पांढरी वाफ येते ती नुसती वाफ. पाण्याच्या गाडीत इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर मात्र गॅस्केट बघा.

सीएनजी रिक्षा-टॅक्सीला काही वेगळं?

कॉम्प्रेशन मोजताना इंधन बंदच असतं, त्यामुळे मापात फरक नाही. फरक वॉल्व्हच्या सीटमध्ये. सीएनजीवर सीट लवकर झिजते, वॉल्व्ह आत सरकतो, टॅपेटची फट कमी होत जाते. थंड असताना आकडा चांगला आणि गरम झाल्यावर पडला तर आधी टॅपेट. पेट्रोलवरही चालणारी गाडी असेल तर पहिलं ऑइल बदलेपर्यंत पेट्रोलवर चालवा.

डिझेलला हाच गेज चालेल?

नाही. डिझेलमध्ये दाब साधारण ३५० ते ४५० पीएसआय, पेट्रोलचा गेज ३००लाच संपतो. आणि डिझेलमध्ये ओली चाचणी करू नका. चेंबर फार छोटं असतं आणि ऑइल पेटूही शकतं.

ब्लॉक बदलला तर आरटीओला कळवावं लागतं का?

इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, ब्लॉकवर नाही. ब्लॉक, पिस्टन, हेड बदललं तर नंबर तोच राहतो. क्रँककेस बदलली तर मात्र आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी क्रँककेस स्वस्तात मिळाली तरी बिलाशिवाय घेऊ नका.